इंजिनीअर होता होता राहिलेली डॉक्टर : मारिया मॉन्टेसरी

आपल्या सोलापुरात कुठल्याही कॉलनीत शिरा. दोन-चार गल्ल्यांत एक तरी पाटी दिसतेच – अमुक मॉन्टेसरी, तमुक मॉन्टेसरी. भिंतीवर मिकी माऊस, दारात रांगेत छोटे बूट आणि आतून पाठ केलेल्या कवितांचा कोरस. मीसुद्धा कॉन्व्हेंटमध्ये जाण्याआधी अशाच एका बालवाडीत होते. मॉन्टेसरी हे एखाद्या बाईचं आडनाव आहे हे मला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं! मला वाटायचं, नर्सरीला फॅशनेबल शब्द असेल.

हे आडनाव मी शोधायला गेले त्याला कारण माझा मावसभाऊ. तो साडेचार वर्षांचा असताना मावशी त्याला घेऊन एका शाळेत गेली होती. शाळेचं नाव सांगत नाही, पण पाटीवर मॉन्टेसरी हा शब्द होता. मी सुट्टीत घरी होते म्हणून सोबत गेले. भाऊ बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही, पण पंखा सुरू झाला की तासभर त्याच्याकडे बघत बसतो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं – ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. शाळेतल्या बाईंनी पाच मिनिटं त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की असल्या मुलांसाठी आमची शाळा नाही. मावशी रिक्षात बसेपर्यंत काही बोलली नाही. घरी मात्र नातेवाईक बोलले. मावशीचंच कुठेतरी चुकलं असणार म्हणे.

त्यानंतर मी लायब्ररीत आणि नेटवर बसून या मॉन्टेसरीबाई कोण ते वाचून काढलं. जे कळलं ते वाचून आधी आश्चर्य वाटलं, मग राग आला. तो राग कशाचा ते शेवटी सांगते. आधी बाईंची गोष्ट.

मारियाचा जन्म 31 ऑगस्ट 1870 चा. इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ किआरावाल्ले नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वडील सरकारी नोकर, शिस्तीचे, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र वाचणारी, मुलीच्या पाठीशी उभी राहणारी. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आलं. त्या काळी शिकलेल्या मुलीने फार तर शिक्षिका व्हावं अशी पद्धत. हिने काय करावं? 1883 साली, तेराव्या वर्षी, टेक्निकल स्कूलमध्ये नाव घातलं! आणि ते संपल्यावर 1886 मध्ये टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये. गणित आवडायचं आणि इंजिनीअर व्हायचं होतं म्हणून.

आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली चारच. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी आम्ही हातात फाईल धरली तेव्हा सगळा बॅच काम सोडून आमच्याकडेच बघत होता. त्यामुळे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मुलांच्या टेक्निकल शाळेत जाणाऱ्या या मुलीबद्दल मला एकदम आपुलकीच वाटली. पण 1890 मध्ये तिथून बाहेर पडताना तिचा विचार बदलला आणि डॉक्टर व्हायचं ठरलं. म्हणजे आपल्याकडे बारावीनंतर पीसीबी की पीसीएम यावर घराघरात जे चालतं ते तिच्याही घरी झालं. वडिलांचा विरोध होताच. तिने आधी विज्ञान शाखेचे पेपर दिले, मग मेडिकलला प्रवेश मिळवला. मुलांच्या समोर एका मुलीने उघड्या प्रेताचं विच्छेदन करणं बरं दिसत नाही, म्हणून तिला ते काम सगळे गेल्यावर एकटीने करावं लागे. 1896 साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी ती एक.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही थोर व्यक्तीच्या चरित्रात शोभेल अशी आहे. खरी गोष्ट पुढे आहे.

पास झाल्यावर ती रोम विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागली. त्या कामासाठी तिला शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात जावं लागे. तिथे मोठ्या रुग्णांबरोबर लहान मुलंही ठेवलेली असत. कुणी बोलत नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं, कुणी सारखं एकाच लयीत डुलत होतं. त्या काळात या सगळ्यांना एकच शिक्का – मंदबुद्धी. ऑटिझम हे निदान तेव्हा नव्हतंच. ते आलं 1943 साली, अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन छापलं तेव्हा. म्हणजे रोमच्या त्या खोल्यांमध्ये आज ज्यांना आपण स्वमग्न म्हणू अशी मुलंही असतील, पण त्यांना ते नाव द्यायला कुणी नव्हतं.

त्या इस्पितळातली एक हकीकत सांगितली जाते. रिकाम्या खोलीत ठेवलेली मुलं जेवण झाल्यावर जमिनीवरचे पावाचे तुकडे चिवडत बसायची. देखरेख करणाऱ्या बाईला त्यात हावरटपणा दिसला. मारियाने आजूबाजूला पाहिलं तर त्या खोलीत हातात धरण्यासारखी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांना भूक होती ती हातांची! हाताला काहीतरी हवं होतं आणि मिळत होते ते फक्त पावाचे तुकडे.

मला वाटतं, इथे तिच्यातला इंजिनीअर जागा झाला. मशीन चालत नाही म्हटल्यावर एक माणूस मशीनला शिव्या देतो, दुसरा बघतो की इनपुट काय दिलंय. मारिया दुसऱ्या प्रकारातली.

मग तिने वाचायला घेतलं. फ्रान्समध्ये 1800 साली जंगलात सापडलेला एक मुलगा होता, पुढे त्याचं नाव व्हिक्टर ठेवलं. इतार नावाच्या तरुण डॉक्टरने पाच-एक वर्षं त्याला शिकवण्यात घालवली. व्हिक्टर अक्षरं जुळवायला शिकला, काही शब्द ओळखू लागला, पण बोलायला शिकला नाही. तो मुलगा स्वमग्न असावा असं आज काही संशोधकांना वाटतं, काहींना पटत नाही. इतारचा शिष्य सेगँ. त्याने मंदबुद्धी म्हटल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा चालवली, हाताने शिकायची साधनं तयार केली आणि पुढे अमेरिकेला गेला. या दोघांची पुस्तकं बहुतेक सगळे विसरले होते. मारियाने ती शोधून काढली आणि नीट समजावीत म्हणून स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढली. आपण झेरॉक्स काढतो आणि वाचत नाही. तिने पानन् पान लिहून काढलं.

1898 मध्ये तुरिन शहरात शिक्षकांच्या परिषदेत तिने आपलं म्हणणं मांडलं. थोडक्यात असं की या मुलांचा प्रश्न औषधाचा कमी आणि शिकवण्याचा जास्त आहे. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण तेव्हा अशी मुलं म्हणजे कुलूप लावून ठेवायची गोष्ट होती. 1900 साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था निघाली. तिच्याबरोबरच मुलांची शाळाही. डॉ. मॉन्टेसरी आणि त्यांचे सहकारी डॉ. मोन्तेसानो हे दोघे तिचे संचालक. बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलांमध्ये असत आणि रात्री दिवसभराच्या नोंदी काढत. त्यातली काही मुलं लिहा-वाचायला शिकली आणि साध्या शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने परीक्षेला बसून पास झाली. सगळीकडे वाहवा झाली. बाईंच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न. माझी ही मुलं जर पास होतात, तर धडधाकट मुलांना शाळेत असं काय करून ठेवलंय की तीही एवढ्यावरच अडकतात?

आता त्यांच्या साधनांबद्दल थोडं, कारण आपण इंजिनीअरिंगवाले. एका लाकडी ठोकळ्याला दहा भोकं आणि त्यात बसणारे दहा लाकडी दंडगोल, प्रत्येकाला वर धरायला छोटी मूठ. जाडी कमी-जास्त होत जाते. मुलाने सगळे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि परत बसवायचे. एक जरी चुकला तरी शेवटी एक दंडगोल हातात उरतो, तो बसतच नाही. चूक झाली हे सांगायला बाईंची गरज नाही, ठोकळाच सांगतो. आपण इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगमध्ये पोका-योके शिकतो ना, जपानी लोकांचं, चूक होऊच नये किंवा लगेच कळावी अशी रचना? वर्कशॉपमधला गो-नो-गो गेज आठवा. तोच विचार, पण मुलांसाठी आणि शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. तसंच दहा गुलाबी घनांचं, 10 सेंटिमीटरपासून 1 सेंटिमीटरपर्यंत. तशीच खरखरीत कागदाची अक्षरं, म्हणजे आपला सँडपेपर, बोट फिरवून शिकायची. आणि लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्याला बटणं किंवा नाड्या. मुलाने फक्त बटण लावायचं-काढायचं, एवढंच काम. एका वेळी एकच अडचण.

स्वमग्न मुलाला हे का मानवत असेल ते मला मावसभावाकडे बघून कळलं. त्याला बोललेल्या सूचना पोचत नाहीत. पोचल्या तरी चेहरा, आवाज, रागावणं या सगळ्याचा गोंधळ होतो. ठोकळा रागावत नाही. तो रोज तसाच असतो. आज या मुलांसाठी ज्या पद्धती वापरतात त्यांत काम छोट्या पायऱ्यांत तोडणं, डोळ्यांना दिसेल असं मांडणं, रोजचा क्रम ठरलेला ठेवणं, लवकर सुरुवात करणं आणि आई-वडिलांना सामील करून घेणं यावर भर असतो. मॉन्टेसरी म्हणजे ऑटिझमवरचा इलाज, असं मात्र कुणी समजू नये. ऑटिझम हा बरा करायचा आजारच नाही. पण मूल शिकत नाही तेव्हा आधी शिकवण्याची रीत तपासावी, ही सवय या बाईंनी लावली.

आता मला न आवडलेला भाग. तो गाळला तर चरित्र खोटं होईल. डॉ. मॉन्टेसरी आणि डॉ. मोन्तेसानो यांना 1898 मध्ये मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. लग्न केलं असतं तर त्या काळी बाईला काम सोडावं लागलं असतं आणि उघड झालं असतं तर बदनामी. मुलाला खेडेगावात एका दाईकडे ठेवलं गेलं. आई भेटायला जायची, पण आई म्हणून नाही. 1901 मध्ये मोन्तेसानोंनी दुसऱ्या स्त्रीशी लग्न केलं आणि बाई त्या संस्थेतून बाहेर पडल्या. दुसऱ्यांच्या टाकलेल्या मुलांसाठी रात्री जागणारी बाई आणि स्वतःचं मूल लांब! मी हे वाचून पुस्तक मिटलं होतं. रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, बापाला कुणी विचारतं का गं? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मारिओ पंधराच्या आसपास असताना आईकडे आला आणि नंतर जन्मभर तिच्यासोबत तिचं काम करत राहिला.

संस्था सोडल्यावर बाई परत विद्यार्थिनी झाल्या. मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान शिकल्या. मग 1907 उजाडलं. रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरीब वस्ती होती. आपल्याकडच्या पूर्व भागाची आठवण व्हावी अशी, आई-बाप दोघेही कामावर आणि पोरं दिवसभर जिन्यात. तिथल्या इमारती एका कंपनीने दुरुस्त केल्या. एदुआर्दो तालामो नावाचे इंजिनीअर त्या कंपनीचे प्रमुख. पोरं नव्या भिंती खराब करतात म्हणून त्यांना एका खोलीत सांभाळायचं ठरलं आणि त्यासाठी मॉन्टेसरीबाईंना बोलावलं. 6 जानेवारी 1907 ला बालगृह सुरू झालं. पन्नास-साठ मुलं आणि शिकवायला प्रशिक्षित शिक्षिका नाही. बाईंनी साधनं आणली ती विशेष मुलांसाठी बनवलेलीच. एकदा तीन-एक वर्षांची मुलगी दंडगोलांच्या ठोकळ्यात अशी रमली की बाकीच्या मुलांना गायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम चालूच. चाळीसहून जास्त वेळा तिने ते परत परत केलं आणि मग समाधानाने थांबली.

हे वाचताना मी थबकले. त्या मुलीने चाळीस वेळा केलं तर त्याला एकाग्रता म्हणतात आणि माझा भाऊ तेच करतो तर त्याला लक्षण म्हणतात! फरक असेलही, डॉक्टर सांगतील. पण तो काय करतोय हे समजून घ्यायच्या आधीच आपण त्याच्या हातातून वस्तू काढून घेतो, हे मात्र खरं आहे.

पुढचं जगजाहीर आहे. 1909 मध्ये पुस्तक आलं आणि काही वर्षांत ही पद्धत देशोदेशी गेली. 1924 पासून मुसोलिनीच्या सरकारने तिच्या शाळांना पाठिंबा दिला आणि बाईंनी तो घेतला. ही त्यांची चूकच म्हणावी लागेल. पण पुढे बिनसलं, 1934 मध्ये इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या आणि बाईंनी देश सोडला. स्पेनमध्ये गेल्या तर 1936 मध्ये तिथे यादवी पेटली. शेवटी हॉलंड.

आणि आता आपला महाराष्ट्र. 1939 मध्ये, जवळपास सत्तराव्या वर्षी, बाई मारिओबरोबर मद्रासला आल्या. अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीचं निमंत्रण होतं. आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी दोघे शत्रू देशाचे नागरिक ठरले. बाईंना अड्यारच्या आवारात राहायला सांगितलं आणि मारिओला नेलं कुठे? अहमदनगरच्या छावणीत! आपल्या इथून टेंभुर्णी, करमाळा करत एसटीने जातो तेच नगर, आजचं अहिल्यानगर. तोपर्यंत जगासमोर मारिओ तिचा पुतण्या किंवा दत्तक मुलगा होता. 31 ऑगस्ट 1940 ला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयच्या हुकमाने त्याला सोडलं आणि सरकारी निरोपात त्याचा उल्लेख तिचा मुलगा म्हणून झाला, असं सांगतात. जे नातं बेचाळीस वर्षं उघड म्हणता आलं नाही ते नगरच्या छावणीमुळे कागदावर आलं.

युद्ध संपेपर्यंत त्या भारतातच राहिल्या आणि ठिकठिकाणी शेकडो शिक्षकांना शिकवलं. पण मराठी मुलुखात हा विचार त्यांच्याही आधी पोचला होता. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर कामाला लागल्या. 1926 मध्ये त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबतीला आल्या आणि 1957 पासून काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये सुरू झालं. परदेशी महाग साधनं परवडणार नाहीत म्हणून बिया, शिंपले, पानं, दगड हीच साधनं केली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा अंगणात नेऊ – यातून अंगणवाडी. डिझाइन तेच, मटेरियल लोकल!

मारिया मॉन्टेसरी 6 मे 1952 ला हॉलंडमध्ये वारल्या.

आता माझा राग कशाचा ते सांगते. ही पद्धत जन्मली ती वेड्यांच्या इस्पितळातल्या, कुणालाच नको असलेल्या मुलांसाठी. धडधाकट मुलांना ती नंतर मिळाली, उसनी. आणि आज त्याच बाईंच्या नावाच्या पाटीखाली माझ्या भावासारख्या मुलाला सांगतात की असल्यांसाठी ही शाळा नाही. मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही पाटी रंगवू शकतं. कायदा मात्र स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यावं असं त्यात आहे. पण मावशीला त्या दिवशी रिक्षात कायदा नको होता. कुणीतरी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मुलाकडे बघायला हवं होतं.

मागच्या सेमिस्टरला मी आमच्या वर्कशॉपच्या सरांना विचारून भंगारातल्या प्लायची एक चौकट केली. कोपरे काही नव्वद अंशात आले नाहीत, सर हसले, पण त्यांनीच परत कापून दिली. रूममेटने जुन्या शर्टाचं कापड आणि मोठी बटणं शिवून दिली. भाऊ पहिले दोन महिने ती चौकट नुसती फिरवायचा. पंखाच केला होता तिचा! मावशीने हिसकावून घेतली नाही. आठव्या महिन्यात एका दुपारी त्याने वरचं एक बटण लावलं. मग काढलं. मग परत लावलं. मावशीने फोनवर सांगितलं तेव्हा ती मोजत होती.

खालची चार बटणं अजून बाकी आहेत. शाळाही अजून मिळालेली नाही, शोध चालू आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, शेजारी असं मूल असेल तर वर्कशॉपमध्ये या. ड्रॉइंग माझ्याकडे आहे, प्लाय भंगारात भरपूर आहे.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल